महाराष्ट्र सर्वांत सुरक्षित की सर्वांत धोक्यात? हवामानाच्या क्रमवारीचं कोडं

एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने एक अहवाल प्रसिद्ध केला. हवामान बदलाचा फटका बसला तर कोणती राज्यं जास्त कोलमडतील, याची क्रमवारी त्यात होती. सर्वांत वाईट अवस्थेत झारखंड. आणि सर्वांत कमी असुरक्षित राज्य? महाराष्ट्र. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेचा अहवाल आला. त्यात देशातली सर्वांत असुरक्षित पाच राज्यं दिली होती: आसाम, आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार आणि महाराष्ट्र.

मधल्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं होतं हे खरं, पण दुसऱ्या अहवालाचं उत्तर त्या पुरामुळे बदललेलं नाही. त्याची आकडेवारी कित्येक दशकांची होती. मग सहा महिन्यांत पहिला नंबर शेवटच्या रांगेत कसा गेला? दोन्ही अहवाल अभ्यासू माणसांनीच केले होते. पहिल्यात तर आयआयटी मंडी, आयआयटी गुवाहाटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती. गोम अशी, की दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी होती. ती समजून घेतली की गावाच्या विकासाचे बरेच निर्णय वेगळे दिसायला लागतात.

एकाच बांधावरचे दोघे

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कोरडवाहू गावात बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे सोयाबीन. पीक ऐन फुलोऱ्यात असताना ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली. पहिल्याची जमीन काळी, भारी. विहिरीला थोडं पाणी होतं, दोन पाळ्या देऊन त्याने पीक जगवलं. मुलगा पुण्यात नोकरीला, सोसायटीचं कर्ज नियमित. दुसऱ्याची अडीच एकर मुरमाड जमीन, विहीर नाही. शेंगा भरल्याच नाहीत. बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेलं, ती उधारी दिवाळीला चुकवायची. मग मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोने ऊसतोडीला जायचं.

पावसाचा खंड दोघांना सारखाच. त्याला संशोधक ‘संकट’ म्हणतात. त्या खंडाच्या तडाख्यात आपलं शेत, घर, गुरं असणं ही दुसरी गोष्ट, आणि तीही दोघांच्या बाबतीत सारखीच. फरक पडतो तो पुढच्या दोन गोष्टींनी. एक, तोच खंड कोणाला किती लागतो: मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, भारी जमिनीत टिकते. ही संवेदनशीलता. दोन, लागल्यावर सावरायला हाताशी काय आहे: पाणी, पैसा, पत, नोकरी, ओळखी, विमा. ही सावरण्याची क्षमता. संवेदनशीलता जास्त आणि सावरण्याची क्षमता कमी, म्हणजे असुरक्षितता जास्त. एवढी एकच व्याख्या लक्षात ठेवली तरी पुरे.

दोन अहवाल, दोन प्रश्न

हवामान बदलावर जगभरच्या शास्त्रज्ञांचं काम एकत्र आणणारी संयुक्त राष्ट्रांची समिती आहे, आयपीसीसी. तिच्या २००१ च्या अहवालात असुरक्षिततेमध्ये तिन्ही गोष्टी धरल्या होत्या: तडाख्यात असणं, संवेदनशीलता आणि सावरण्याची क्षमता. २०१४ च्या अहवालापर्यंत मांडणी बदलली. संकट आणि तडाख्यात असणं हे दोन्ही बाजूला काढले, असुरक्षितता म्हणजे फक्त आतली अवस्था असं ठरलं, आणि संकट, तडाख्यात असणं आणि असुरक्षितता या तिन्हींच्या गुंत्याला ‘जोखीम’ म्हटलं गेलं.

सरकारी अहवालाने नवी मांडणी घेतली. म्हणून त्यात दुष्काळ किती पडतात, वादळं किती येतात हे मोजलेलंच नाही. मोजलं ते गरिबी, अल्पभूधारकांचं प्रमाण, पावसावरची शेती, पीक विम्याखालचं क्षेत्र, रोजगार हमीची अंमलबजावणी, आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या, स्त्रियांचा कामातला सहभाग असं सगळं. तुलनेने श्रीमंत, रस्ते असलेलं, विमा काढणारं राज्य त्यात वर येणारच. दुसऱ्या अहवालाने पूर, दुष्काळ आणि चक्रीवादळं यांचा तडाखा हिशेबात धरला. मराठवाड्यात दुष्काळ, कोल्हापूर-सांगलीत पूर आणि कोकण किनाऱ्यावर वादळ असणाऱ्या राज्याचं तिथे काय होणार हे सांगायला नको.

पहिल्या अहवालातला एक आकडा बातम्यांत हरवला. महाराष्ट्राचा निर्देशांक होता ०.४२ आणि झारखंडचा ०.६७. शून्य म्हणजे काहीच असुरक्षितता नाही आणि एक म्हणजे कमाल, अशा पट्टीवर सगळी राज्यं या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसली आहेत. ‘सर्वांत कमी असुरक्षित’ याचा अर्थ इतकाच, की इतरांची अवस्था अजून वाईट आहे. ‘महाराष्ट्र सुरक्षित’ असं त्यातून काढणं हा मथळा लिहिणाऱ्यांचा उत्साह.

निर्देशांक शिजतो कसा

जिल्ह्याच्या असुरक्षिततेला एकच आकडा द्यायचा तर वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. सिंचन टक्क्यांत, पाऊस मिलिमीटरमध्ये, उत्पन्न रुपयांत. म्हणून प्रत्येक रकान्यातला सर्वांत चांगला जिल्हा शून्यावर आणि सर्वांत वाईट जिल्हा एकावर ठेवून बाकीच्यांना मधे बसवतात. मग सगळ्या रकान्यांची सरासरी. कधी सगळ्यांना सारखं वजन, कधी तज्ज्ञ ठरवतील तसं.

अडचण सरासरीत आहे. दहावीच्या निकालात पोराला ७० टक्के पडले एवढंच सांगितलं, तर गणितात ३५ वर सुटलंय हे कळत नाही. महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश शेती पावसावर आहे. त्या रकान्यात राज्याला चांगले गुण मिळणं अवघडच, पण बाकीच्या रकान्यांनी ते झाकलं. प्रत्यक्षात विम्याने पावसाच्या पाण्याची जागा भरून निघत नाही आणि रस्त्याने विहीर भरत नाही. सरासरी मात्र तसं धरून चालते.

दुसरी अडचण, आकडा कुठल्या पातळीवरचा आहे. २०१४ मध्ये ‘टेरी’ या संस्थेने राज्य सरकारसाठी केलेल्या अभ्यासात नंदुरबार सर्वांत असुरक्षित जिल्हा ठरला आणि सातारा सर्वांत कमी. नंदुरबारबद्दल कोणी वाद घालणार नाही. पण सातारा म्हणजे कोणता सातारा? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माण-खटावच्या माणसाला ‘तुमचा जिल्हा राज्यात सर्वांत सुरक्षित’ असं सांगून बघा. तालुक्यात उतरलं की गावागावांत फरक, गावात उतरलं की मळ्यात आणि वस्तीवर फरक.

‘दुष्काळ काय आजचे आहेत का?’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो फालतू नाही. १९७२ चा दुष्काळ आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे, रोजगार हमी त्याच होरपळीतून उभी राहिली. मग हवामान बदलाचं नवीन काय?

नवीन आहे ते पावसाचं वागणं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. हंगामाचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे पाऊस कमी दिवसांत कोंबला जातो आणि मधले खंड पिकाच्या मुळावर येतात. वर्षाची सरासरी गाठली म्हणून जिल्हा प्रशासन निश्चिंत आणि शेतकरी मात्र आधी खंडाने, मग काढणीच्या पावसाने मारलेला, हे चित्र आता नेहमीचं झालंय.

पण याच आक्षेपात दुसरी खरी गोष्ट दडली आहे. एकच दुष्काळ वेगवेगळ्या काळात वेगळं मारतो. १९७२ ला गावात धान्य नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये धान्य होतं, पिण्याला पाणी नव्हतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपण धान्याच्या बाबतीत सावरण्याची क्षमता कमावली आणि भूजलाच्या बाबतीत गमावली. त्यातलं आभाळाचं किती आणि आपलं किती, हेच या संशोधनाचं मूळ काम.

गावात जाऊन बसल्यावर काय दिसतं

हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने १९७५ मध्ये काही गावं निवडली. त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण होती, अकोल्याकडची कंझारा आणि किनखेडा होती. कर्मचारी गावातच राहायचे आणि त्याच त्या कुटुंबांच्या शेतीची, मजुरीची, कर्जाची, खाण्यापिण्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवायचे. एकदा येऊन प्रश्नावली भरून नेणं वेगळं आणि हे वेगळं. दुष्काळाच्या वर्षी कुणी काय विकलं, आधी भांडी की आधी बैल, हे असंच कळतं.

या संस्थेत काम केलेले अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांचा १९८६ चा अभ्यास मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. सात राज्यांतल्या ऐंशीच्या वर कोरडवाहू गावांत त्यांनी एक साधी गोष्ट मोजली: गायरान, पडीक, ओढ्याकाठ, गावाचं जंगल अशा सामायिक जमिनीतून गरिबाला काय मिळतं? सरपण, चारा, डिंक, भाजी, शेळ्यांची चराई सगळं धरून गरीब घरांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के वाटा तिथून येत होता. मोठ्या शेतकऱ्यांचा वाटा अगदीच किरकोळ. म्हणजे गायरान हा गरिबाचा विमा होता, हप्ता न भरता मिळणारा. आणि पन्नाशीच्या दशकापासून या जमिनी झपाट्याने घटत होत्या, त्यातही मौज अशी, की त्या बऱ्याच ठिकाणी गरिबांच्याच नावावर वाटल्या गेल्या. वाटपात मिळालेला निकस तुकडा कसायला पैसा नसल्यामुळे बऱ्याच जणांकडे राहिला नाही. चराई गेली ती गेलीच.

आजच्या निर्देशांकांत वनक्षेत्र सापडेल, बँकेच्या शाखा सापडतील. गायरानाचा रकाना शोधून बघा.

उलटी गंमतही होते. ‘स्वतःच्या शेतीशिवाय इतर उत्पन्न’ हा रकाना बहुतेक अभ्यासांत बलस्थान धरतात. एकाच मार्गावर अवलंबून नसलेलं घर जास्त तग धरतं, हे तत्त्व बरोबर आहे. पण बांधावरचा तो दुसरा शेतकरी आठवा. त्याचं इतर उत्पन्न म्हणजे आधीच घेतलेली उचल, जी कोयत्याने फेडायची आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. सहा महिने कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायचं, पोरांची शाळा सुटते, टनाचा हिशेब जुळला नाही तर उचल पुढच्या वर्षीवर चढते. प्रश्नावलीत याचीही ‘इतर उत्पन्न’ म्हणून खूण होते आणि पुण्यातल्या मुलाच्या पगाराचीही.

आभाळ एकटं मारत नाही

कॅरन ओब्रायन, रॉबिन लायचेंको आणि ‘टेरी’च्या संशोधकांनी २००४ मध्ये भारतातल्या जिल्ह्यांचे दोन नकाशे एकावर एक ठेवले: हवामान बदलाला कुठली शेती असुरक्षित आहे आणि आयात खुली झाल्यावर बाजाराच्या झटक्याला कुठली. जिथे दोन्ही नकाशे गडद, तिथे त्यांनी दुहेरी मार म्हटलं.

आपल्याकडे त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपिटीसह अवकाळी झाली, द्राक्षं आणि कांदा झोडपला गेला. जो लाल कांदा वाचला, तो बाजारात यायला लागला तोच ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली थेट मे २०२४ मध्ये. गारपीट हवामानखात्याच्या नोंदीत जाते, निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनेत. शेतकऱ्याच्या वहीत दोन्ही एकाच पानावर येतात. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा असं वाटण्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत गारपिटीनंतर बारा दिवसांनी त्याच माणसाकडून वसूल झाली, हे तरी मान्य करायला हवं.

‘मग विकास केला की झालं, वेगळं हवामानाचं काय?’

अर्धं बरोबर. रस्ता, दवाखाना, शाळा, वेळेवर कर्ज, गावातच हमीचं काम, या सगळ्याने सावरण्याची क्षमता वाढते. पण प्रत्येक विकास त्या दिशेला जात नाही.

शेततळ्याचंच घ्या. मूळ कल्पना अशी, की पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी खड्ड्यात साठवायचं आणि खंडाच्या वेळी एक-दोन पाळ्या द्यायच्या. बांधावरच्या दुसऱ्या शेतकऱ्याला याच्यासारखी उपयोगाची गोष्ट नाही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी झालं असं, की मोठं तळं खोदून प्लास्टिकचं अस्तर टाकलं आणि विहिरीतून, बोअरमधून मोटर लावून ते भरलं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी वर उन्हात आणलं. काही वाफ होऊन गेलं, उरलेलं एका मालकाच्या बागेला. शेजारच्या विहिरी महिनाभर आधी आटल्या. योजनेच्या अहवालात एक शेततळं वाढलं, बागायती क्षेत्र वाढलं आणि निर्देशांकात जिल्हा एक पायरी वर चढला. असुरक्षितता कमी झाली नाही, बांध ओलांडून पलीकडे गेली.

उसाचं गणितही त्याच वळणाचं. कारखाना ऊस नेतो, भाव ठरलेला असतो, गारपिटीने पूर्ण झोपत नाही. एकेका शेतकऱ्याने ऊस लावणं हे शहाणपणाचंच आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण दुष्काळी पट्ट्यातल्या सगळ्यांनी तेच केलं की पिण्याच्या पाण्यावर येतं. म्हणून हिवरे बाजार या गावाने काय केलं हे नीट बघायला हवं. बंधारे आणि चर खूप गावांत झाले. त्या गावाने त्यासोबत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, ऊस आणि केळी नको म्हटलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. नियम पाळायला लावणारी ग्रामसभा उभी करणं हे माती हलवण्यापेक्षा अवघड असतं आणि त्याला जेसीबी लागत नाही म्हणून त्याचं बिलही निघत नाही.

या आकड्यांवर पैसा कसा चालतो

हे सगळं अभ्यासकांपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण निधी यावरच ठरतो. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. मराठवाडा, विदर्भाचे काही जिल्हे, जळगाव आणि खाऱ्या भूजलाचा खारपाण पट्टा मिळून पाच हजारांवर गावं त्यात आली, आणि गावांची निवड करताना हवामानाच्या असुरक्षिततेचा आधार घेतला गेला. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावागावाचा पाण्याचा ताळेबंद करण्याची पद्धत त्यात बसवली. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत. पद्धत चांगली आहे. ताळेबंदात तूट दिसल्यावर कोणाची मोटर थांबवायची, हे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

विम्याचं बघा. राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा होता. बोगस अर्जांचे प्रकार उघड झाले आणि खरीप २०२५ पासून ती योजना बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे नमुन्याच्या शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठरेल असं झालं. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे वेगळे निकष गेले. आणि नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा-सोलापूरला अतिवृष्टी झाली, सीना नदीने शेतं खरवडून नेली. पुढच्या कुठल्याही निर्देशांकात ‘विम्याखालचं क्षेत्र’ हा रकाना बदलेल तो पावसामुळे नाही, शासन निर्णयामुळे.

त्या पुरानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दर असे: कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. बागायतीचा खर्च जास्त, त्यामुळे भरपाई जास्त, यात तर्क आहे. पण भरपाई नुकसान मोजते. पहिल्या शेतकऱ्याला जास्त मिळतं कारण त्याच्याकडे गमवायला जास्त होतं. अडीच एकरवाल्याच्या वाट्याला कोरडवाहूच्या दराने साडेअठरा हजार, तेही सातबारा त्याच्या नावावर असेल तर. बटईने कसत असेल तर पैसे मूळ मालकाच्या खात्यावर. आणि सोयाबीन काढायला जाणाऱ्या ज्या बायांची त्या हंगामातली सगळी मजुरी बुडाली, त्यांच्याकडे हेक्टरच नाहीत.